पांढरा ढोल, निपाणी

वहीच्या पहिल्या पानावर तारीख नाही.
नुसतं लिहिलंय : बिगुल सात, पैकी चालू चार.
अक्षर हवालदार भैरू नलवड्यांचं.
पलटणीतून पेन्शन घेऊन आले,
बेळगावात कॅम्पातल्या भंगारवाल्याकडं
किलोच्या भावानं पितळ मोजून घेतलं
आणि एस्टीच्या टपावरून गावात आणलं.
ढोल इथलेच :
कातडं इलाही खाटकाकडचं,
कडं जिनगोंडाच्या मोडक्या छकड्याच्या धावेचं.

पहिल्या तुकडीनं फुंकलं
तेव्हा सुराआधी खोकला आला.
सगळी वखारीतली पोरं.
आया तंबाखू चाळायच्या, विड्या वळायच्या,
उन्हाळाभर पोरांच्या छातीत
पिवळी धूळ बसत जायची.
हवालदार बरगडीला कान लावायचे,
म्हणायचे, "हितं अजून जागा हाय."
आणि तवंदीच्या घाटापर्यंत पळवायचे.

हुकूम हिंदीत : दाहिने मूड.
मोजणी कन्नडमध्ये : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,
कारण ढोल शिकवायचा बसलिंग कोष्टी
आणि त्याचा हात दुसऱ्या आकड्यांवर पडायचाच नाही.
शिव्या मराठीत.
सूर मात्र पाचच.

दर जानेवारीला बेळगावात स्पर्धा.
वही सांगते :
चौथे.
चौथे.
गाडी चुकली.
पाचवे, पथके पाच.
एका साली कॅनव्हासच्या बुटांना
पैसे नव्हते म्हणून चुना फासला,
मैदानभर आमच्यामागं पांढरी पावलं उमटत गेली.
परीक्षकांनी अर्धा गुण कापला.
तिसरे.

मग ते साल,
जेव्हा गावात पाट्यांवरून दगड उडाले.
मोठ्या ढोलावर नाव कुठल्या लिपीत, हे विचारायला
सकाळी एका बाजूची माणसं येऊन गेली,
संध्याकाळी दुसऱ्या.
दोन्हींत ओळखीचीच.
हवालदारांनी सगळ्यांना चहा पाजला
आणि रात्री उरलेला चुना कालवून
ढोलाच्या अंगावरचं नाव पुसून टाकलं.
बिननावाचे उतरलो.
निकालाच्या कागदावर कुण्या कारकुनानं लिहिलं :
पांढरा ढोल, निपाणी. दुसरे.
तेच नाव पुढं चिकटलं.

मी आलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.
माझ्या शेजारी सुरय्या बागवान, पथकातली पहिली मुलगी.
हवालदारांनी विचारलं, दम कुठं कमावलास?
ती म्हणाली, "ओल्या लाकडाची चूल हाय घरात."
शेवटचा सूर ती असा धरायची
की बसलिंगची काठी वरच थांबायची.

एकदाच पहिले आलो.
हवालदार तेव्हा सरकारी दवाखान्यात,
त्यांच्याच छातीत जागा उरली नव्हती.
रात्री साडेदहाला टेम्पो थेट तिथं नेला,
खिडकीखाली रांग धरली,
सगळं पहिल्यापासून वाजवलं.
नर्स धावत आली, वॉचमन आला.
खिडकीत हात दिसला. तीन बोटं.
जिनगोंडाचा नातू ओरडला, "तिसरे न्हाई आजोबा, पहिले! पहिले!"
हात हलला नाही. तीन बोटं.
सुरय्या हळूच म्हणाली,
"तिसरा बिगुल मागं पडला, म्हणत्यात."

तिसरा बिगुल मी.

वहीत त्यापुढं सहा पानं आहेत,
दोन वर्गणीची, एक वाळवीनं खाल्लेलं.
मिरवणुकांना आता भिंतीएवढे स्पीकर लागतात.
सुरय्या संकेश्वरात नांदते,
तिचा मुलगा भर परीक्षेत शिट्टी वाजवतो म्हणे.
ढोल बसलिंगच्या घरी पालथा आहे,
वर शिलाई मशीन.

दिवाळीआधी मी चार बिगुल काढतो,
चिंच आणि राख लावून घासतो.
परवा पुतण्यानं एक हातात घेतला,
उलटापालटा करून बघितला,
"काका, दाबायचं कुठं?"
कुठंच नाही, म्हटलं. ओठ लाव.

त्यानं गाल फुगवले.
म्हशीच्या हंबरण्यासारखं काहीतरी निघालं,
शेजारच्या घरात कुणीतरी हसलं,
आणि मी नकळत
त्याच्या बरगडीला कान लावला.